कर्णेवाल्या चाँदभाईंच्या रानातल्या खोल्या

पौडच्या चाँदभाईंचा धंदा कर्ण्याचा. लग्न असो, जत्रा असो, आंब्यावर दोन कर्णे टांगायचे आणि मोटारीच्या बॅटरीवर अख्ख्या खोऱ्याला ऐकवायचं. एकोणऐंशी साली कोकणातलं लग्न उरकून येताना त्यांचा टेम्पो ताम्हिणीच्या रानात बिघडला. दोन दिवस अडकले आणि परतले ते वेड घेऊनच: तिथं चार लाकडी खोल्या हव्यात. कुणीही यावं, दोन दिवस रानात मजेत राहावं.

वनखात्याचे रेंजरसाहेब म्हणाले, "जागा देतो, निम्मा खर्चही देतो. पण पैसा म्हणा, सामान म्हणा, बाकीची निम्मी वर्गणी तीन महिन्यांत दाखवा. नाहीतर खोल्या दुसऱ्या तालुक्याला गेल्या."

चाँदभाई सायकलवरून तिन्ही महिने हिंडले. "घर सोडून रानात झोपायचं? बिबट्याला जेवण घालायचंय व्हय?" म्हणत लोक चहा पाजायचे. फार झालं तर म्हणायचे, "बघू." जो 'बघू' म्हणेल त्याच्या नावापुढे चाँदभाई आपल्याच मनानं देणगी लिहायचे. वही झकास भरली. हातात एक कौल नव्हतं.

शेवटच्या रविवारी रिहे गावात कोंडिबाच्या लेकीचं, साळूचं लग्न. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, चाँदभाई माइकवर आहेर पुकारू लागले. डोक्यात मात्र उद्याचा, मुदतीचा सोमवार. पिशवीतून वही काढली आणि खणखणीत वाचलं:

"हैबतराव यांच्याकडून दहा वासे!"

नुसतं 'बघू' म्हणालेल्या हैबतरावांचा बुंदीचा घास हातातच राहिला.

"जयसिंगराव यांच्याकडून पाचशे कौलं!"

नवरदेवाचा मामा ताडकन उठला. "आमच्या पोराला घर न्हाई, आसं कोन म्हनलं?"

चाँदभाईंनी वही उलटून पाहिली. वही चुकली! ही तर रानातल्या खोल्यांची! त्यांनी ते माइकवरच कबूल केलं. पण नाव पुकारून झालं होतं. आता भरल्या मांडवात 'दिलं न्हाई' म्हणायचं कुणी? हैबतरावांनी मिशीला पीळ दिला. "व्हय, दिलेत वासे!"

"दहाच? माझी हजार कौलं लिवा, चाँदभाई!" जयसिंगराव गरजले.

"मग माझे वासे ईस!"

बायकांच्या पंगतीतून सगुणाबाई कडाडल्या, "आमी काय कमी हाय व्हय? दारं-खिडक्या आमच्या!"

इतक्यात कोंडिबानं माइक हिसकावला. "माझ्या लेकीच्या मांडवात पुकारलं, म्हंजी माझ्या लेकीचं!"

चाँदभाईंचं तोंड एवढंसं झालं. मुंडावळ्या सावरत साळू खुदकन हसली. "आबा, ईस वासे घिऊन सासरी कशी जाऊ? चाँदचाचा, बांधा खोल्या. पर पैल्या खोलीत आमी दोघं!"

"दिली!" चाँदभाई इतक्या जोरात ओरडले की कर्णा शिट्टी मारू लागला.

सोमवारी रेंजरसाहेबांच्या दारात बारा बैलगाड्या लागल्या.

दिवाळीनंतर खोल्या उभ्या राहिल्या. उद्घाटनाला चाँदभाईंनी जांभळीवर कर्णे चढवले, तोच साहेबांनी पाटी ठोकली: 'रानात कर्णा लावू नये.'

"ऱ्हाऊ द्या की आता," बायको कमरबी म्हणाली, "पाखरांनाबी बोलू द्या."

चाँदभाईंनी निमूट कर्णे उतरवले. मग छाती भरून माइकाशिवायच पुकारलं, "पैल्या खोलीत साळूबाई आनि जावईऽऽ!"

साहेबांना पाटीवर दुसरा नियम लिहावा लागला.