चंपीला सोडवायला बाळापूरला

फेब्रुवारीच्या उन्हात हिंगोली जिल्ह्यात जायचा बेत असेल तर खुशाल जा. फक्त विद्यापीठातून निवृत्त झालेल्या डीनबरोबर बकरी सोडवायला जाऊ नका. मी जाऊन आले. डीन माझेच यजमान असल्यामुळे मला पर्याय नव्हता.

झालं असं. आमची लेक आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात दिलेली. तिची मुलगी इरा तिसरीत आहे. एका संध्याकाळी तिचा रडत फोन आला, "आजोबा, बाबा चंपीला इकून राहिले. तुमी या ना!"

चंपी म्हणजे इराची काळी बकरी. जावयांना तिथल्या तिथे फोन करून 'विकू नका' म्हणता आलं असतं. मी तसं सुचवलंही.

"असे विषय फोनवर मिटत नसतात. समक्ष चर्चा हवी," असं म्हणून डीनसाहेब बॅग भरायला लागले. जावयांना त्यांनी कळवलं ते एवढंच, की चर्चेला येतोय. कुलगुरूंनी बोलावलं तरी चहा संपवून उठणारा हा माणूस, नातीच्या एका हुंदक्यावर तिकीट काढून मोकळा झाला.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी नांदेड. तिथून हिंगोलीकडे जाणारी एसटी. महिलांना अर्धं तिकीट, ज्येष्ठांनाही अर्धं, म्हणजे आम्ही दोघं मिळून एक प्रवासी. वारंगा फाट्याला उतरून खिचडी जरूर खा. वाफाळती असते, सोबत तळलेली मिरची. डीनसाहेबांनी दोन प्लेट खिचडी संपवली आणि जावयांपुढे मांडायचे मुद्दे मला ऐकवले. बकरी आणि बालमन असा एकंदर विषय होता. पहिला मुद्दा संपेपर्यंत दुसरी एसटी आली आणि गेली.

लेकीच्या घरी पोचलो तर हळद उकडायची धांदल चालली होती. इरा शाळेत गेलेली. जावई खाली मान घालून म्हणाले, "मामा, शेजाऱ्याचा हरभरा खाऊन राहिली होती ती. रोज भांडण. आज बाजार होता, सकाळीच देऊन आलो."

"अहो, पण मी चर्चेला येतोय म्हटलं होतं ना?"

"व्हय मामा. म्हणूनच लवकर नेली."

मला हसू फुटणार होतं, पण यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते विरलं. "शाळेतून येईल आता ती," ते म्हणाले. "काय सांगू तिला?" पाणीसुद्धा न घेता ते रस्त्याकडे निघाले. छत्री घेऊन मी मागे.

बाळापूरचा बाजार ऐन भरात होता. बकऱ्या एका कडेला, सावलीचा पत्ता नाही. काळ्या बकऱ्या किती असतात हे मला त्या दिवशी कळलं. डीनसाहेब प्रत्येकीसमोर उभे राहून "चंपी!" म्हणत होते, जणू तोंडी परीक्षा चाललीय. शेवटी एकीने मान वर केली.

"हीच!"

दाढीवाले म्हातारे चाचा दोर धरून उभे होते. "साहेब, ही माझ्या घरची हाय. नीट बघा."

"मी ओळखतो तिला."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "बराबर ओळखतात का ओ हे?"

"व्हिडिओ कॉलवर पाहिलीय," मी म्हटलं.

चाचांनी आणखी एकदा समजावून पाहिलं. पण डीनला समजावणं आमच्या अख्ख्या घराण्याला जमलेलं नाही, ते बिचारे काय करणार? शेवटी त्यांनी पैसे मोजून घेतले आणि दोर दिला. परतताना ऑटोत बकरीवर छत्री होती, माझ्यावर ऊन.

इरा शाळेतून आली आणि दारातच थबकली. बकरीकडे पाहिलं, मग आजोबांकडे. त्यांचा शर्ट घामाने चिकटला होता, बुटांना लेंड्या लागल्या होत्या आणि चेहऱ्यावर पदवीदान समारंभ चालला होता. पोरीने दोन पावलं टाकली आणि आजोबांच्या कमरेला मिठी मारली. जावयांनी बकरी एकदा नीट न्याहाळली आणि ते हळदीकडे वळले.

हात धुवायला आली तेव्हा इरा माझ्या कानाशी लागली. "आजी, ही चंपी न्हाई. चंपीचा कान फाटलेला होता." तिचे डोळे भरून आले होते. "पण आजोबांला नको सांगू. लई उन्हात हिंडले ते."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार? चंपी कुठे गेली, हे तिने कुणालाच विचारलं नाही.

आता पुण्यात परतलोय. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना चंपीच्या सुटकेची कथा रोज ऐकावी लागते आणि रोज बाजार थोडा मोठा होतो. परवा व्हिडिओ कॉलवर इराने बकरी दाखवली. "चंपी, आजोबा बघ!" बकरीने मान वर केली. डीनसाहेब धन्य झाले आणि चष्मा पुसायला आत गेले.

इरा फोन तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "आजी, हिचं नाव मी राणी ठेवलंय. आजोबा असले की चंपी म्हणते."

"आणि तिला चालतं?"

"व्हय. दोन्ही नावांला ओ देती ती."