कोर्टामागची सावली

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. परतूरकडच्या एका तालुक्याच्या गावी नवं कोर्ट बांधायचं ठरलं. मी बांधकाम खात्यात नकाशे काढत होतो आणि स्वतःला अर्धा इंजिनिअर समजत होतो. इमारतीचा नकाशा वरूनच ठरून आला होता: सपाट स्लॅब, सिमेंटच्या जाळ्या, कोर्टाचा हॉल माडीवर. पक्षकारांना बसायची शेड कुठं घ्यायची, एवढंच साहेबांनी माझ्यावर सोडलं.

मला माझी आत्या आठवली. नवरा गेल्यावर दीर तिला राहत्या खोलीतून काढायला निघाले, म्हणून तिनं दावा लावला होता. मनाईहुकूम होता तोवर खोली तिची. दर तारखेला ती जुन्या कोर्टासमोर डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात बसायची. मी शेड इमारतीच्या मागं घेतली, दुपारभर गार सावली. त्या रेघा शाईनं ओढताना मला केवढा अभिमान वाटला होता! दीडशहाणा, दुसरं काय.

पुकाऱ्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कोर्टाचा शिपाई बाहेर येऊन पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतो. तिसऱ्यांदाही कुणी पुढं आलं नाही की तो गैरहजर. नव्या कोर्टात शिपाई माडीच्या गॅलरीत उभा राहून रस्त्याकडं तोंड करून ओरडायचा. मागं काही ऐकू जायचं नाही. दोन-चार तारखांत लोक शहाणे झाले आणि शेड सोडून समोर उन्हात उभे राहू लागले.

आत्याच्या जबानीच्या दिवशी तिचे वकील औरंगाबादला गेले होते. तिला तीनदा पुकारलं. दावा गैरहजेरीत काढून टाकला आणि त्याबरोबर मनाईहुकूमही गेला. वकिलांनी परत येऊन अर्ज करेपर्यंत दिरांनी खोलीचे पत्रे उतरवून भिंती पाडल्या होत्या.

तिला आमच्या घरी आणलं. मी चिडूनच विचारलं, "सगळे समोर थांबतात, तू एकटी मागं कशाला बसलीस?"

"लोक म्हणत होते, माय, इथं ऐकू येत न्हाई, समोर चल," ती म्हणाली. "मीच गेले न्हाई. म्हणलं, माझ्या भाच्यानं काढलेली जागा हाय. त्यानं बराबर इचार केला असंल."

चूक माझी होती, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. पुढं ती आमच्याच घरी वारली, तोवरही नाही.