मे महिन्याचं मैदान

हे गेले तो मे महिन्यातला मंगळवार होता. संध्याकाळी मैदानाला पाणी सोडताना ते पडले. वसतिगृहाच्या चौकीदाराने मला फोन केला. मी अकोल्याहून गाडी करून अमरावतीला गेले. मी पोचले तेव्हा डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली होती.

माझे यजमान अमरावतीच्या एका कॉलेजात फुटबॉल शिकवत. पदाचं नाव मोठं होतं, 'शारीरिक शिक्षण संचालक', आणि त्यात खो-खोपासून स्नेहसंमेलनातल्या शिस्तीपर्यंत सगळं येत असे. ते सगळं त्यांनी केलं, पण जीव फुटबॉलमध्ये. मी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. दोन्ही नोकऱ्या खाजगी अनुदानित संस्थांतल्या. तिथे बदली नावाची गोष्ट नसते. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडची मंडळी म्हणाली, पुढे बघू. त्या बघण्यातच आमच्या नोकऱ्या संपल्या. हे वसतिगृहाच्या मागच्या खोलीत राहत आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी येत. सोमवारी पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून अमरावतीला परत.

आमच्या भागात फुटबॉल फार कोणी खेळत नाही. क्रिकेट आहे, कबड्डी आहे. यांच्याकडे येणारी मुलं बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधली, वरूडच्या संत्राबागांतली, मेळघाटातून शिकायला उतरलेली. पहिला आठवडा ते मुलांना चेंडूच देत नसत. अनवाणी, सगळं मैदान चालायचं. कुठे माती भुसभुशीत, कुठे टणक, ते पायाला कळलं पाहिजे. एकदा मी सुट्टीत गेले होते, तेव्हा रांगेतला एक मुलगा मागच्याला म्हणताना ऐकलं, "सर फुटबॉल शिकवून राहिले का डवरणी?" डवरणी म्हणजे उभ्या पिकातून बैलाने केलेली कोळपणी. यांनीही ऐकलं होतं. म्हणाले, "डवरणीच हाय बाप्पा. बैलाची जागा खाली होती, म्हणून तुले घेतलं." अख्खी रांग हसली. मी एवढं मोकळं बोलणं घरी फारसं ऐकलं नव्हतं.

त्या मैदानाची माती काळी. चैत्र लागला की ती फाटू लागते आणि वैशाखात भेगेत हात कोपरापर्यंत जातो. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात यांनी दोन ट्रॅक्टर मुरूम मागवून सगळ्या भेगा बुजवल्या आणि मोठ्या समाधानाने घरी आले. पावसाळ्यात माती फुगली, तिला बसायला जागा उरली नाही, आणि मैदानाच्या मधोमध उंटाच्या पाठीसारखा फुगवटा आला. त्या वर्षी सामने दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर खेळावे लागले. सासरे दर्यापूरकडचे, जन्मभर काळी जमीन वाहिलेले. त्यांनी हे ऐकलं आणि ताटावरचा हात थांबवून म्हणाले, "काहून रे, तुले शाळेत घातलं तवा वावर इसरायलेच घातलं होतं का?" ही गोष्ट हे स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि दर वेळी तितक्याच जोरात हसत.

त्यानंतर त्यांनी उपाय शोधला तो पाण्याचा. माती पुरती फाटूच द्यायची नाही. वसतिगृहाच्या न्हाणीघरांचं सांडपाणी चर खणून मैदानाकडे वळवलं आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत रोज संध्याकाळी थोडं थोडं, पट्ट्यापट्ट्याने सोडायचं. एकदम सोडलं तर चिखल होतो, दोन दिवस चुकवलं तर भेग उघडते. मे महिन्यात मुलं गावी जात, न्हाणीघरं कोरडी पडत. मग चौकीदाराच्या मोटरचं पाणी मागायचं, कधी टँकरवाल्याला गाठायचं. हे दुसऱ्यावर सोपवता येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. दोनदा सोपवून पाहिलं होतं, आणि दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये मुलांचे घोटे मुरगळले.

शिक्षकांच्या घरात मे हा एकच महिना सगळ्यांचा मिळून असतो. आमच्या घरात तो मैदानाचा होता. माझ्या शाळेला सुट्टी लागली की मी पुस्तकं आणून ठेवायचे. कूलरसमोर बसून वाचायचे. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"झालं का जेवण?"

"झालं. तुमचं?"

"होऊन जाईल. आज उत्तरेकडच्या गोलसमोर भेग दिसून राहिली."

मग थोडा वेळ कोणीच बोलायचं नाही. कूलरचा आवाज त्यांना तिकडे ऐकू जायचा. "पाणी आहे ना कूलरमध्ये?" असं विचारायचे. मी "आहे" म्हणायचे.

सुरुवातीला एकदोन उन्हाळे मी तिकडे जाऊन राहिले. खोली पत्र्याची, दुपारी आत बसवत नसे. नंतर माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि मला अकोला सोडता येईना. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल आम्ही फार बोललो नाही.

कॉलेजचा संघ विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात एकदाच पोचला आणि हरला. मी तो पाहायला गेले होते. मध्यंतरात कुणाच्या तरी वडिलांनी आणलेली संत्री मुलांनी सोलून खाल्ली, आणि हे एकेकाच्या घोट्यावरून हात फिरवत फिरले. हरल्यावर कोणाला रागावले नाहीत. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "मैदान चांगलं होतं त्यांचं."

निवृत्तीचा दिवस मी बरीच वर्षं डोळ्यांसमोर ठेवला होता. घराच्या मागच्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग आणि खिडकीशी टेबल घेतलं होतं. ते निवृत्त झाले, सत्कार झाला, आणि प्राचार्य म्हणाले की जागा भरायला परवानगी नाही. नवा माणूस येईपर्यंत सर, तुम्हीच बघा. हे मला म्हणाले, "एक सीझन."  पुढच्या वर्षीही ते "एक सीझन"च म्हणाले. त्या टेबलावर मी इस्त्रीचे कपडे ठेवू लागले. नवा माणूस आला नाही, आणि चौथ्या मे महिन्यात तो मंगळवार आला.

दिवसकार्य झाल्यावर महिन्याभराने त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्या अंतिम सामन्यात बचावाला खेळलेला हाच. आता परतवाड्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. सोबत बायको होती, तिथल्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी, आणि झोपाळलेली लहान मुलगी. मी चहा टाकायला आत गेले तर बायको मागोमाग आली.

"काकू, साखर कमी टाका यायच्या चहात. पोट सुटलं, अन् चालले फुटबॉल शिकवायले."

"कुठे चालले?"

"ते सांगतीनच. मले इचारत नाई, तुमाले इचारायले आणलं."

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो. त्याने कप हातात घेतला. मग म्हणाला, "काकू, कॉलेजवाले म्हणून राहिले, मैदान तूच सांभाळ. मानधनावर. मी नाई म्हटलं तर ते दुसरं कोणाले बघणार नाईत. संघ बंद."

"मग?"

"सरायनं मले पाय ठेवायले शिकवलं. मले जावं वाटते. पहाटे सराव, संध्याकाळी पाणी, रोज येणंजाणं जमत नाई, तिथंच राहा लागते. ही म्हणते, तिकडं येणार नाई."

"माही नोकरी हाय," बायको म्हणाली. "पोरीची शाळा हाय. तुमी जा, रविवारी येजा पाव्हण्यासारखे."

"पाहा काकू, असे टोमणे."

"टोमणा नोय. इचारून राहिली. काकू, सर किती दिवस घरी राहात जी?"

 दोघंही माझ्याकडे पाहत होते. त्याला माझ्याकडून एकच शब्द हवा होता, हे मला दिसत होतं. आणि तो शब्द माझ्या तोंडाशी आला होता. यांचं जगात मागे काय राहिलं म्हटलं तर ते मैदान. हा मुलगा जाता तर चर तसाच वाहता राहिला असता, नवी मुलं अनवाणी चालली असती, कोणीतरी उंटाच्या पाठीची गोष्ट सांगून हसलं असतं. मला ते हवं होतं. इतकं दुसरं काहीच हवं नव्हतं.

मी म्हटलं, "मे महिन्यात ते घरी नसायचे. एकही मे नाही."

"ते माहीत हाय काकू. पाणी सोडा लागे."

"तुला पाणी माहीत आहे. इकडचं माहीत नाही. मी इथे वाचत बसायचे. संध्याकाळी फोन यायचा, भेग कुठे पडली ते कळायचं. ते वाईट वागले असं मी म्हणत नाही. त्यांच्यासारखा माणूस मला मिळाला, हे खरं आहे. पण तो शनिवारी रात्री मिळाला आणि सोमवारी पहाटे गेला. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले होते, पुढे बघू. पुढे काही नव्हतं."

बायकोने मुलीला मांडीवर सरकवून घेतलं.  जिंकल्याचं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"मंग जाऊ नको म्हणता?" त्याने विचारलं.

"दोघं मिळून जाता येत असेल तर जा. एकटा जाऊ नकोस."

जाताना त्याने वाकून नमस्कार केला. फाटकाशी थांबून, यांची वसतिगृहातली खोली आवरायची असेल तर बोलवा, म्हणाला. आठवड्याने त्याचा फोन आला. बायकोच्या बदलीचं विचारून पाहिलं, होण्यासारखं नाही; कॉलेजला नकार कळवला. "बरोबर केलं ना काकू?" असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मी मागच्या खोलीत गेले आणि पलंगावर बसून राहिले. यांना काय वाटलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. त्यांनी मला दोष दिला नसता. संध्याकाळी फोनवर थोडा वेळ काही बोलले नसते, एवढंच.

दिवाळीनंतर सामने झाले. अमरावतीच्या त्या कॉलेजने संघ उतरवला नाही. मैदानावर आता दुचाक्या लावतात असं चौकीदार सांगत होता. तो मुलगा परतवाड्यात आपल्या घरी आहे. मी अकोल्यात माझ्या घरी आहे.