काजकाकूंनी नवराही आवरला

सरकारी भाड्याच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या काजकाकूंची एक खोड साऱ्या जिन्याला ठाऊक होती. कुणी येणार म्हटलं की त्या घर असं आवरायच्या, की इथे माणसं राहतात की नुसता उजेड राहतो, असा प्रश्न पडावा. एरवी शर्टांना काजं करण्यात दिवस जायचा, आणि गठ्ठे तर दारापर्यंत. पण पाहुण्याला त्यातला एक दोरा दिसेल तर शपथ!

यजमान तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन. साहेबलोकांना वरखाली नेता नेता उमेद सरली आणि स्वतःच्या वाट्याला आली बिनलिफ्टची इमारत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं अर्धं अंग गेलं. तेव्हापासून रस्ता काय तो खिडकीतूनच. तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली, तसा काकूंनी अर्ज ठोकला. उत्तर आलं, पाहणीला माणूस येईल. आताचं घर अपुरं ठरलं तर ती खोली तुमची.

दुसरी एखादी असती तर पसारा दुप्पट करून बसली असती. काकूंनी मात्र भल्या सकाळी केरसुणी उचलली. गठ्ठे पलंगाखाली कोंबले. न्हाणीघरात वरच्या टाकीचं पाणी ठिबकायचं, त्याखालचं घमेलं गच्चीवर नेऊन ठेवलं. उरली यजमानांची चाकाची खुर्ची. तिच्यामुळे पाय ठेवायला जागा दिसेना.

"अहो, तासभर शेजारी बसता का?"

"म्हणजे मीही पसाराच की!"

"तसं नाही हो. तिथे टीव्ही आहे."

शेजारच्या वायरमनने खुर्ची ढकलत नेली. त्याची बायको कपाळावर हात मारून म्हणाली, "काकू, अहो पाहणी आहे, बक्षीस समारंभ नाही!"

पाहणीवाला आला. तिशीचा, पाठीला पिशवी, हातात फॉर्म.

"माणसं किती?"

"दोन."

"दुसरे कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत," काकूंच्या तोंडून निघून गेलं. नवऱ्याला शेजारी ठेवलंय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"म्हणजे जिना चढउतर करतात. छान. घर कसं वाटतं? पुरेसं की अपुरं?"

आता नेमकं बोलायचं होतं. पण समोर बसलेल्या माणसापुढे रडगाणं गायची जिभेला सवयच नाही! "झकास आहे हो. आम्हाला दोघांना काय लागतं?"

त्याने 'पुरेसं'वर खूण केली आणि साक्षीची सही घ्यायला तो शेजारी गेला. काकू दारात थिजल्या. दोन वर्षं ज्या खोलीची वाट पाहिली, ती त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवली होती.

तिकडून आवाज आला, "हे आजोबा तुमचेच का?"

"छे, मी पलीकडचा," लिफ्टमन म्हणाले. "पाहुणे येणार म्हणून मला इथे आवरून ठेवलंय."

पाहणीवाला गर्रकन वळला. "काकू, बाहेर गेलेत म्हणालात ना?"

"गेलेत की. दाराबाहेर."

वायरमनची बायको तोंडावर हात दाबून हसायला लागली. पाहणीवाला हसला नाही. "पण मी तर लिहिलंय, जिना चढउतर करतात."

"मग उतरवा की एकदा," लिफ्टमन म्हणाले.

पुढून पाहणीवाला, मागून वायरमन. चार पायऱ्या बऱ्या गेल्या. वळणावर एक चाक कठड्यात अडकलं, दुसरं भिंतीला घासलं, आणि खुर्ची पुढे जाईना, मागे येईना. पाहणीवाल्याच्या कपाळावर घाम. इतक्यात जुन्या सवयीने लिफ्टमन खणखणीत आवाजात म्हणाले, "तिसरा मजला! कुणी उतरणार आहे का?"

पाहणीवाला पायरीवर मटकन बसला आणि हसत सुटला.

खुर्ची कशीबशी वर आली. तोवर काकूंनी गच्चीवरून घमेलं आणून जागच्या जागी ठेवलं होतं. टप्प. गठ्ठे ओढून बाहेर काढले, मधोमध यजमान बसवले. पाहणीवाल्याला उभं राहायला उंबऱ्याबाहेरच जागा उरली.

"हे आमचं घर, बाळा," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "मघाशी दाखवलं ते तुझ्यासाठी होतं."

त्याने आधीची खूण खोडली. "अपुरं. लिहू ना?"

"लिही. पण स्वच्छ होतं, तेही लिही."

फॉर्मात त्याला रकाना नव्हता. त्याने कडेला लिहिलं, आणि ते डोळ्यांनी वाचल्याशिवाय काकूंनी त्याला जिना उतरू दिला नाही.