चढाची तयारी करून उतरलेली दरी

आमच्या टेक्सासातल्या प्लेनो गावात चढ नावाची गोष्ट नाही. हायवेचे फ्लायओव्हर आहेत, पण त्यांवर चालत गेलं तर पोलीस येतात. म्हणून ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या दरीतून चालत थेट समुद्र गाठायचं ठरलं, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग गराजमध्ये सराव सुरू केला. सॅकमध्ये तूरडाळीची मोठी पिशवी घालून जिन्याने पार वरच्या मजल्यापर्यंत चढायचं. खाली मात्र लिफ्टने यायचं, गुडघे जपायला. एकदा सिक्युरिटीवाल्याने सॅक उघडायला लावली. डाळ बघून त्याने सॅकची चेन स्वतःच लावून दिली.

यातला घोळ तुमच्या लक्षात आला असेल. माझ्या नाही आला. तरुणपणी सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या डोक्यात ट्रेक म्हणजे गड आणि गड म्हणजे चढ. ही दरी डोंगरावर सुरू होते आणि समुद्रात संपते. म्हणजे सगळा उतारच.

बायको गुहागरची. तिच्या माहेरचं परसू संपलं की माडांमधून पायवाट आणि मग समुद्र. टेक्सासात समुद्र बघायचा तर अर्धा दिवस ड्राइव्ह करा, मग पार्किंग शोधा. "गाडीतून उतरून बघितलेला समुद्र खरा वाटत नाही," ती दर वेळी म्हणते. चालत चालत अचानक तो समोर आला की तिचा चेहरा कसा होतो, एवढंच मला बघायचं होतं. दरीबिरी निमित्त.

सकाळी पाइनच्या सावलीतून उतरायला लागलो. ती पुढे भराभर, मी मागे. आधी मांड्या लटपटल्या, मग गुडघा असा सुजला की मी दगडावर बसलो तो बसलोच.

ती शेजारी येऊन बसली. "डाळ बरोबर आणली असतीत, तर निदान वरण तरी केलं असतं."

वनरक्षक खेचर घेऊन आला. अजून वरचं टोकच जवळ होतं, त्यामुळे मला वर नेणार म्हणाला. तीही परत फिरायला उठली.

"तू जा," मी म्हटलं. "खालून बोट मिळेल, मग पुढे हॉटेलपर्यंत बसही आहे. तिथेच भेटू."

"आणि तुम्हाला या खेचराच्या भरवशावर सोडू?"

"काळजी त्याची कर."

ती हसली आणि निघाली. वळणावर तिची टोपी दिसेनाशी झाली. मी समुद्राकडे पाठ करून, खेचराची आयाळ धरून डोंगर चढलो. शेवटी चढ मिळाला एकदाचा.

आता डॉक्टरने मला उताराची बंदी केली आहे. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने डबा आणायच्या जेवणाला, खेचराची गोष्ट मीच रंगवून सांगतो. पण घरी येताना गाडीत तिला हळूच विचारतो, "समुद्र दिसला तेव्हा काय झालं गं?"

"निळा होता. किती वेळा सांगू?"

परवा मात्र तिने थोडं अधिक सांगितलं. "दिसल्या दिसल्या 'अहो, बघा' म्हणत मी मागे वळले. मागे एक जर्मन जोडपं होतं. बघितला बिचाऱ्यांनी."

"आणि तुझा चेहरा कसा झाला होता?"

"मला माझा चेहरा कसा दिसणार? त्या जर्मन बाईला विचारा."

खरं सांगतो, तिचा पत्ता असता तर विचारलंही असतं.