चांदणीची सही

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे अजून बादलीत, तेवढ्यात फोन वाजला. कोशवाल्या काकूंनी ओले हात झटकून तो कानाला लावला.

छापखान्याचा फोरमन होता. "काकू, तुमच्या पानावर एका शब्दाआधी डाग पडला होता. काढून टाकला. पान कसं लख्ख झालंय!"

"अहो, डाग कसला? चांदणीची खूण होती ती!"

"हवी असेल तर या. जेवणानंतर यंत्र सुरू होतंय. फोनवरचं ऐकून मी काही बदलत नाही, एकदा पोळलोय. सही लागते."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. उमर सगळी शब्दकोशाच्या कचेरीत आणि सासूबाईंच्या औषधपाण्यात सरली होती. परवाच कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. हे त्यांचं शेवटचं पान.

"पुन्हा तुझ्या कोशाचं लचांड का गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई. 'सुशिती' म्हणून रशियन-पोलिशच्या मूळ भाषेतला जुना शब्द आहे, म्हणजे वाळवणं. रशियन, पोलिश, चेक, सगळ्यांकडे त्याच्या लेकी आजही नांदताहेत. आपलं सुकणं त्याच घराण्यातलं, पण लांबचं."

"मग अडलंय कुठे?"

"तो मूळ शब्द कुठे लिहिलेला सापडलाच नाही. लेकींवरून ताडलाय. म्हणून त्याच्याआधी चांदणी देतात. ती नसली, तर वाचणाऱ्याला वाटेल की सापडलाय."

सासूबाई म्हणाल्या, "तुझी आई मी पाहिली नाही. पण तुम्हा तिघी बहिणींच्या हनुवट्या बघून सांगते, तिचीही तशीच असणार."

"'असणार' म्हणालात ना? 'आहे' नाही म्हणालात. तेवढीच ती चांदणी."

"आणि नाही लावली तर?"

"कुणाला कळायचंही नाही."

काकूंचे गुडघे ठणकत होते. कुणी विचारणार नव्हतं, कुणी बोल लावणार नव्हतं. पडून राहावं, असं फार वाटलं. पण वरचा बघतो, त्याला काय सांगायचं?

"जा बाई," सासूबाई पुटपुटल्या, "नाहीतर दिवसभर उसासे टाकून मला सुकवशील."

काकू दमल्या दमल्याच हसल्या. बादली सावलीत सरकवली, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. चपला पायात सरकवल्या. आता छापखान्यात जायचं, चांदणी लावून घ्यायची आणि सही करायची.