गंगूच्या हातच्या भाकऱ्या

भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता, आजही नाही. जिवंत माणसांनीच आयुष्यभर पुरेसा त्रास दिला, मेलेल्यांकडे बघायला सवड कुठे होती? पण एक गोष्ट माझ्याच हातून घडली, म्हणून लिहिते. चौथी शिकले आहे. जसं झालं तसं सांगेन.

साल एकोणीसशे पस्तीस-छत्तीस. मी पंधरा वर्षांची. माहेर सटाण्याकडचं, सासर नाशकात, पंचवटीत. मला दुसरेपणावर दिलेली. पहिली बायको, गंगू, वर्षभरापूर्वी तापाने गेली होती. रीतीप्रमाणे तिचा टाक – चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्ती – माझ्या गळ्यात बांधला. जेवणाआधी तिला घास दाखवायचा, नवं लुगडंही आधी तिला. म्हणजे घरात सासू आणि गळ्यात सवत.

टाकाची कड टोचायची. चौथ्या दिवशी मी तो काढून चुलीमागच्या खुंटीला अडकवला. पदरामुळे कोणाला कळलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या भाकऱ्या फुगेनात. एकही नाही! पीठ मीच दळलेलं, ताजं. माहेरी दहा माणसांच्या भाकऱ्या मी एकटी करायचे...

"आईने भाकरी शिकवली का कौलं थापायला?" सासूबाई रोज विचारायच्या. आमचे हे खाली मान घालून कौलं चावायचे.

शेवटी सासूबाईंनी माझ्या वडिलांना पत्र धाडलं – मुलगी घेऊन जा. माझ्या पाठीवर तीन बहिणी. मी परत गेले असते तर त्यांना कोणी विचारलं नसतं.

आबा सकाळच्या मोटारीने आले. "चाल माय, गाठोडं बांध," एवढंच म्हणाले. वर बघेनात.

"आधी जेवा," सासूबाई म्हणाल्या. "लेकीच्या हातचं खा, म्हणजे मी खोटं बोलत नाही ते कळेल."

मी चुलीपुढे बसले. रडू नाही आलं, संताप आला. खुंटीवरचा टाक काढला, परातीशेजारी उभा केला आणि हळूच म्हणाले, "हे बघ गंगूबाई, नवरा तुझा, तवा तुझा, सासूही तुझीच. मी काही मागून आले नव्हते. एवढाच जीव अडकलाय तर तू थाप! नाहीतर गुमान बाजूला हो, माझ्या बहिणींची लग्नं व्हायचीत."

टाक गळ्यात घातला आणि पहिली भाकरी टाकली. टम्म! दुसरी, तिसरी... सातही फुगल्या.

आबांनी तुकडा मोडला. "भाकर ते चांगली शे, विहीणबाई. मंग तक्रार काय शे?"

सासूबाई भाकरीवर अंगठा फिरवत होत्या.

"हात दाखव," मला म्हणाल्या. दाखवला. "दुसरा." तोही दाखवला. त्यांनी माझी बोटं दोनदा चाचपली. मग भाकरी माझ्यापुढे धरली. थापताना उमटलेले बोटांचे ठसे होते – आणि मधल्या बोटाचा ठसा अर्धाच.

"गंगूचं मधलं बोट मुसळाखाली चेंगरून अर्धं गेलं होतं," सासूबाई पुटपुटल्या.

मी गंगूला कधी पाहिलं नव्हतं. बोटाचं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. सातही भाकऱ्या तपासल्या – सगळ्यांवर तेच.

आबांना लाडू बांधून एकटंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या फुगत राहिल्या, पण ठसे माझे, धड बोटांचे.

पुढे शेजारणीने सांगितलं, गंगूलाही सासूबाई असंच बोलायच्या. त्या दिवसानंतर मात्र मला कधी बोलल्या नाहीत. आमटी खारट झाली की आधी माझ्या गळ्याकडे बघायच्या. "हे तुझं का तिचं?"

"तिचंच," मी सांगायचे.

त्या सात भाकऱ्यांचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. आमटीचा आळ मात्र मी मेलेल्या बाईवर वीस वर्षं घातला, हे कबूल करते. तिने एकदाही नाकारला नाही.